पातेल्यातल्या पट्ट्या

सोमवारी सकाळी लिनेस ओरडली नाही, म्हणून मी ओल्या हातांनीच भाजलेल्यांच्या वॉर्डाकडे धावले.

एकोणीस वर्षं मी या इस्पितळाच्या मागच्या अंगणात बसून गॉज आणि बँडेज धुते, उकळते आणि वाळत घालते. ड्रेसिंगच्या वेळी भिंतीपलीकडून एकेकाचा आवाज येतो, आणि सिस्टर ग्वाम्बा आता कुठल्या खाटेपाशी आहेत हे मला न बघता कळतं. सुकलेला गॉज जखमेला धरून बसतो. तो ओढला की त्याबरोबर नवी कातडीही निघते. लिनेसचा आवाज सगळ्यांत मोठा. चौदा वर्षांची पोर, फिट येऊन चुलीवर पडली होती. फिट आलेल्याला शिवलं तर आपल्यालाही ते लागतं या भीतीनं शेजारपाजारचे नुसते बघत उभे राहिले, आणि आई नदीवरून येईपर्यंत उजवा पाय मांडीपासून घोट्यापर्यंत भाजून निघाला. त्या सोमवारी तिचा आवाज आला नाही तेव्हा पोर गेली असंच मी धरून चालले.

वॉर्डात शिरले तर लिनेस उशीला टेकून आंबा चोखावा तसा आपला अंगठा चोखत होती. सिस्टर ग्वाम्बा तिच्या पायावरून काचेसारखी आरपार दिसणारी, थुलथुलीत पट्टी उचलत होत्या. पट्टी अलगद निघून आली. त्यांच्या ओठांत नेहमीसारखी सेफ्टी पिन धरलेली होती.

"काय गं सोफिलेत, भूत बघितल्यासारखी काय उभी आहेस?" पिन काढून त्या म्हणाल्या.

"आवाज नाही आला सिस्टर. मला वाटलं..."

"वाईटच येतं तुझ्या मनात नेहमी. लिनेस, सांग मावशीला, दुखलं का?"

"गार लागतं," लिनेस म्हणाली आणि खुदकन हसली.

तिची आई दोरिका खाटेच्या पायथ्याशी जमिनीवर बसली होती. तिनं कमरेचं कापड तोंडाला लावलं आणि रडायला लागली. सहा आठवडे पोरीच्या ओरडण्यानं तिनं कानांत बोटं घातलेली मी बघितली होती. त्या दिवशी मलाही भरून आलं, खोटं कशाला सांगू.

ती पट्टी जेलची होती, आणि ती अशी न दुखता निघेल यावर माझा विश्वास नव्हता. आदल्या गुरुवारी शहरातल्या कॉलेजातून वेझी नावाचा एक चष्मेवाला तरुण खोकं घेऊन आला होता. पट्टीत नव्वद टक्के पाणीच असतं, वर जंतू मारणारं औषध मुरवलेलं, ती जखम ओली ठेवते, चिकटत नाही, तीन-चार दिवस उघडायची गरज नाही, असं सगळं त्यानं समजावून सांगितलं. पट्ट्या सहा पेशंटांना महिनाभर पुरतील एवढ्या होत्या. सहा माणसं निवडायची, त्यांच्या जखमांचे दर आठवड्याला फोटो काढायचे, आणि पट्टी एकदा काढली की फेकून द्यायची. जाता जाता माझ्याकडे बघून तो म्हणाला, "मावशी, आता तुमचं काम हलकं होणार बरं का."

तो चांगल्या मनानंच म्हणाला होता. पण फरशी पुसणारा मिकेयासी तेवढ्यावर थांबेल तर ना. "हलकं कसलं, संपलंच की! सोफिलेतबाई, टब विकायचा असेल तर माझ्या बायकोला सांगा, तिला बदकं पाळायची आहेत."

सगळा वॉर्ड हसला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हणाले, "तीन-तीन दिवस जखम उघडायची नाही म्हणजे काय? झाकून ठेवलेलं आत कुजतं. रोजचा गॉज माझ्या हातात येतो तेव्हा वासावरून मला कळतं कुणाचं काय चाललंय. आता कळणार कसं?"

सिस्टर ट्रॉली पुसत होत्या. वर न बघता त्या म्हणाल्या, "तुला जखमेची काळजी आहे की तुझ्या टबाची?"

लोक पुन्हा हसले. मी मनात गाठ मारली की यापुढे या बाईनं विचारलं तरी आपण तोंड उघडायचं नाही.

सिस्टर एलेसी ग्वाम्बांबद्दल सांगायला हवं. एकतीस वर्षं त्या याच वॉर्डात होत्या. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, इस्पितळाच्या कुंपणालगत एका खोलीत राहायच्या. ड्रेसिंग करताना पेशंटबरोबर दहापर्यंत आकडे मोजायच्या आणि आठवर आल्या की ओढायच्या, म्हणजे माणूस बेसावध असतो. फसवतात म्हणून पोरं त्यांना शिव्या द्यायची आणि संध्याकाळी त्यांच्याच मागेमागे फिरायची. त्यांचा एकच हट्ट होता. वॉर्डात जे येईल ते सगळ्यांचं. एकदा कुठूनशा नऊ घोंगड्या आल्या तर त्यांनी कात्रीनं अर्ध्या करून अठरा केल्या. साबणाची वडी दोऱ्यानं कापायच्या. एक संत्रं आलं तर त्याच्या फोडी मोजायच्या, आणि स्वतःच्या वाट्याला साल आलं तरी चालायचं.

आता खाटा बावीस आणि पट्ट्या सहा जणांच्या. सहा जण गार पट्टी लावून हसणार आणि सोळा जण शेजारीच ओरडणार, हे त्यांना बघवणार नव्हतं. वेझीची गाडी फाटकाबाहेर गेली आणि सिस्टरांनी कात्री उकळत्या पाण्यातून काढली.

"एकाचे चार," त्या म्हणाल्या. "लिनेसचा पाय मोठा, तिला अर्धी अर्धी. बाकी सगळ्यांना वाटणीनं."

"त्यानं कापू नका म्हणून सांगितलंय," मी म्हणाले. मारलेली गाठ विसरून म्हणाले.

"त्यानं फक्त सहा खाटा बघितल्यात सोफिलेत. मी रोज बावीस बघते."

कापूनही पट्ट्या पुरेनात. तेव्हा त्यांनी दुसरी युक्ती काढली, आणि ती युक्ती आमच्यासारख्यांनाच सुचणार, कारण आम्ही आयुष्यभर गॉज धुऊनच वापरत आलोय. लहान जखमांवरून निघालेले जे तुकडे स्वच्छ दिसतील ते फेकायचे नाहीत. उकळून गार केलेल्या पाण्यात धुवायचे, आणि वाळू नयेत म्हणून झाकणाच्या एनॅमलच्या पातेल्यात पाण्यात बुडवून ठेवायचे. पाण्यात राहिले की तुकडे फुगायचे, जाड आणि टवटवीत दिसायचे. सिस्टर खूश झाल्या. "बघ, पाणी पिऊन पुन्हा नवे झाले!"

पातेलं त्यांनी माझ्या ताब्यात दिलं. मी फुगून बसले होते हे त्यांना कळलं होतं, म्हणून दिलं असावं. "तुझ्यासारखं पाणी कुणी उकळत नाही," त्या म्हणाल्या. मला बरं वाटलं. रोज सकाळी पाणी खळखळ उकळायचं, झाकून गार करायचं आणि पातेल्यात भर घालायची. तुकडे आत असल्यामुळे पातेलं कधी पूर्ण रिकामं केलंच नाही.

पहिले दोन आठवडे वॉर्डात स्वर्ग होता. ड्रेसिंगच्या दिवशी बायका गप्पा मारायच्या, पोरं खाटेवरून उतरून लंगडत खेळायची. अंगणात टबाशी बसून मला भिंतीपलीकडून काहीच ऐकू यायचं नाही. दोऱ्यांवर दोन-चार बँडेजं फडफडायची. सरोवरावरून येणारा म्वेरा वारा सुटला होता. थंडी पडली की घराघरांत शेगड्या पेटतात आणि आमच्या खाटा भरतात. तशा त्या भरल्या होत्या, तरी आवाज नव्हता. मला त्या शांततेत नीट बसवायचं नाही. पण हे बोलून दाखवलं असतं तर पुन्हा टबावरून हसले असते.

लिनेसची जखम लाल होत चालली होती. लाल म्हणजे चांगली, जिवंत. एका संध्याकाळी सिस्टरांनी मला बोलावून मुद्दाम दाखवली.

"महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी डॉक्टर म्लेंगा येतील. अशीच लाल राहिली तर डाव्या मांडीची कातडी काढून इथं लावतील. मग ही पोर चालत घरी जाईल."

"आणि नाही राहिली तर?" दोरिकानं विचारलं. आया नेहमी तोच प्रश्न विचारतात.

"नाही राहिली तर ते लावत नाहीत. घाणेरड्या जखमेवर कातडी धरत नाही. पुन्हा महिनाभर थांबायचं," सिस्टर म्हणाल्या, आणि दोरिकाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं मला म्हणाल्या, "एवढी उघडी जखम घेऊन ही आणखी महिना काढणार नाही. अंगात आहे काय तिच्या?"

लिनेसला शाळेत परत जायचं नव्हतं. तिला म्हणे इस्पितळातच राहायचं होतं, कारण इथं फिट आली तरी लोक पळून जात नाहीत. सिस्टर तिला म्हणायच्या, "राहा की, तुला पातेल्याची राणी करते. सोफिलेत म्हातारी झालीच आहे."

शेवटच्या गुरुवारच्या आधीचा तो रविवार. आदल्या रात्री भुरभुर पाऊस झाला होता आणि लाकडं ओली होती. मी तीनदा चूल पेटवली, तीनदा विझली. चर्चची घंटा झाली होती आणि मला त्या दिवशी नवं कापड नेसून मिरवायचं होतं. पाण्याला वाफ आली. बोट घातलं तर चटका बसला. पण खळखळ उकळी आली नव्हती. गरम झालंय तेवढं पुष्कळ, असं मी स्वतःला सांगितलं, पाणी झाकून ठेवलं आणि संध्याकाळी तेच पातेल्यात ओतलं.

बुधवारी सकाळी झाकण उचललं तर वास आला.

घाण वास नव्हता. घाण असता तर कुणालाही कळला असता. गोडसर होता, जंगलात पिकून झाडाखाली पडलेल्या मासुकूच्या फळांसारखा. तो वास मी ओळखते. एकोणीस वर्षांत चार-पाच वेळा गॉजला आला होता, आणि ज्यांच्या गॉजला आला त्यांतलं एकच माणूस घरी गेलं होतं. मी पातेलं उन्हात नेऊन बघितलं. पाणी नितळ होतं. तुकडे टवटवीत होते. पुन्हा वास घेतला. आता नीट येईना. म्हटलं भास असेल, बाहेर कुणी फळं खाल्ली असतील.

पातेलं तसंच घेऊन मी वॉर्डात गेले. सिस्टर लिनेसच्या केसांच्या बारीक वेण्या घालत होत्या. दुसऱ्या दिवशी डॉक्टर येणार म्हणून पोरीनं हट्ट धरला होता. दोरिका समोर बसून भुईमुगाच्या शेंगा सोलत होती. तिघी कशावर तरी हसत होत्या.

सिस्टरांनी मान वर केली. माझ्याकडे बघितलं, मग हातातल्या पातेल्याकडे बघितलं. "काय गं?"

माझ्या मनात रविवारचं पाणी आलं. पाठोपाठ तो टब, ती बदकं आणि सगळा वॉर्ड हसलेला आठवला.

"काही नाही," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे आणखी क्षणभर बघितलं आणि मान खाली घालून वेणी पुढे घालायला लागल्या.

त्याच दुपारी निरोप आला की डॉक्टर म्लेंगांची गाडी वाटेत बंद पडली, ते पुढच्या गुरुवारी येतील. सिस्टरांनी कपाळावर हात मारला. मग म्हणाल्या, "असू दे. आठ दिवसांत आणखी चांगली होईल." गुरुवारी त्यांनी पातेल्यातल्या पट्ट्या सगळ्यांना लावल्या. नव्या पट्ट्या संपल्याच होत्या. लिनेसच्या पायाला एकूण पाच तुकडे लागले, ते मी मोजले.

शनिवारी चार नंबरच्या खाटेवरच्या मुलाला ताप चढला. रविवारी पहाटे ते गेलं. ते आलं तेव्हाच फार भाजलेलं होतं, म्हणून कुणी काही बोललं नाही. सोमवारी ड्रेसिंगला वॉर्ड नेहमीसारखा शांत होता. मी अंगणात होते. मिकेयासी मागच्या दारात आला. त्याच्या तोंडावर थट्टा नव्हती.

"सिस्टर बोलावतायत. पातेलं घेऊन ये म्हणाल्यात."

लिनेसचा पाय उघडा होता. पट्ट्यांखाली हिरवट निळसर थर साचला होता, आणि तो वास आता सगळ्या वॉर्डात पसरला होता. नऊ खाटांवर तेच होतं. सिस्टरांनी माझ्या हातातून पातेलं घेतलं, झाकण काढलं, नाक जवळ नेलं आणि झाकण पुन्हा बसवलं. त्या म्हणाल्या, "व्हिनेगर आण. आणि गॉज, आहे तेवढा सगळा."

त्या दिवसापासून आम्ही पुन्हा जुन्या वाटेला लागलो. व्हिनेगर पाण्यात पातळ करून त्यात गॉज भिजवायचा, दिवसातून दोनदा बदलायचा. व्हिनेगर उघड्या मांसाला झोंबतं. वॉर्डात असा आक्रोश सुरू झाला की फाटकाबाहेर मासे विकणाऱ्या बायका उठून लांब जाऊन बसल्या. मी सकाळपासून टबात हात घालून होते, बोटं पांढरी पडली होती. खाटांच्या क्रमानं आवाज यायचे. सहा, सात, आठ. नऊ नंबरला काहीच नाही. मग दहा. नऊ नंबर लिनेसची.

मी आत जाऊन बघितलं. सिस्टर आकडे मोजत होत्या. "पाच, सहा, सात..." लिनेसचे डोळे उघडे होते. आठवर सिस्टरांनी गॉज ओढला, रक्त आलं, पण पोर नुसती छताकडे बघत राहिली.

"ओरड गं," सिस्टर म्हणाल्या. "लिनेस, शिव्या दे मला. दे ना."

दोरिकानं माझा हात धरला. तिला वाटत होतं, आवाज नाही म्हणजे पोरगी बरी आहे. "गार लागतंय ना तिला?" तिनं मला विचारलं.

गुरुवारी डॉक्टर म्लेंगा आले. लिनेसच्या खाटेपाशी थांबले, पाय बघितला, वास घेतला आणि सिस्टरांच्या खांद्यावर हात ठेवला. मग पुढच्या खाटेकडे गेले. शनिवारी दुपारी, आया स्वयंपाकाच्या शेडमध्ये मक्याच्या पिठाचा न्सिमा घोटत असताना, लिनेस गेली. वेण्या अजून नीट होत्या. महिन्याभरात आणखी चार जण गेले. बाकीचे जगले, ते व्हिनेगरनं आणि सिस्टरांच्या हातांनी.

चौकशीला जिल्ह्याहून तिघं आले. वेझीही आला होता, त्याचा चेहरा उतरलेला होता. त्यानं सांगितलं की पट्टी पाण्यात ठेवली की औषध सगळं पाण्यात उतरतं, आणि मागे उरतो तो नुसता ओला गोळा, जंतूंना हवा तसा. औषध थोडं थोडं मिळालं तर जंतू मरत नाहीत, उलट निबर होतात. मी दाराबाहेर बाकावर बसून ऐकत होते. माझा नंबर पुढचा होता.

"पट्ट्या कुणी कापल्या?"

"मी," सिस्टर म्हणाल्या.

"वापरलेल्या परत ठेवायचं कुणी ठरवलं?"

"मी."

"पातेल्यातलं पाणी कोण बघायचं?"

मी बाकावरून उठले. दार उघडंच होतं. सिस्टरांनी मला बघितलं.

"पाणीही मीच उकळायचे," त्या म्हणाल्या. एकोणीस वर्षांत त्या बाईनं चूल पेटवलेली मी पाहिली नव्हती.

त्यांतल्या एकानं माझ्याकडे मान वळवली. "आणि ही?"

"ती कपडे धुते. तिला यातलं काही ठाऊक नाही."

त्यानं मला विचारलं, "खरं का बाई?"

मी होकाराची मान डोलावली. दुसऱ्यांदा गप्प बसले.

सिस्टरांना डोंगरावरच्या एका आरोग्यकेंद्रात पाठवलं. तिथं वॉर्ड नाही, खाटा नाहीत. बाळांना लस टोचायची आणि वजनं करायची. जायच्या दिवशी त्यांची पेटी मी डोक्यावर घेऊन मिनीबसच्या थांब्यापर्यंत गेले. बस भरेपर्यंत सुटत नाही, म्हणून आम्ही झाडाखाली उभ्या होतो. मला राहवलं नाही.

"सिस्टर, त्या रविवारी लाकडं ओली होती. पाणी..."

"ठाऊक आहे मला."

"आणि बुधवारी मला..."

"वास आला होता. तेही ठाऊक आहे." त्या रस्त्याकडे बघत होत्या. "तुझा चेहरा बघितला मी सोफिलेत. एकोणीस वर्षं बघतेय तो चेहरा. तू 'काही नाही' म्हणालीस, आणि मला तेच ऐकायचं होतं. दुसऱ्यांदा विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस. मी विचारलं नाही. वेणी अर्धी राहिली होती."

कंडक्टरनं हाक मारली. त्या चढल्या. पेटी मी वर दिली. खिडकीतून हात बाहेर काढून त्यांनी माझं डोक्यावरचं फडकं सारखं केलं आणि म्हणाल्या, "पाणी नीट उकळ."

आता वॉर्डात नवी नर्स आहे. ती आकडे मोजत नाही, सरळ ओढते. जेलच्या पट्ट्यांचं पुन्हा कुणी नाव काढलं नाही. माझ्या दोऱ्या भरलेल्या असतात आणि मिकेयासी बदकांचं बोलत नाही. मी आता प्रत्येक गॉजचा वास घेते आणि काहीही संशय आला की वॉर्डात जाऊन मोठ्यानं सांगते. नवी नर्स वैतागते.

आज सोमवार. पाण्याला खळखळ उकळी आल्यावर मी ते चुलीवरून उतरवलं आणि टबाशी येऊन बसले. भिंतीपलीकडे ड्रेसिंग सुरू झालं. सहा, सात, आठ. मग नऊ नंबरवरचा नवा पेशंट ओरडला, कुणीतरी म्हातारा असावा, आवाज चांगला खणखणीत होता. मी नळ बंद केला आणि त्याचं ओरडणं संपेपर्यंत ऐकत बसले.